स्वारगेट विकणे आहे

बस विकायची जाहिरात मी तीन वेळा लिहिली.

पहिल्या वेळी गोष्ट लिहिली. दोन मराठी पोरं, पोर्टलंडजवळचं एक अपार्टमेंट, लिलावात घेतलेली शाळेची जुनी बस आणि तिच्यावर घालवलेले दीड वर्षाचे शनिवार-रविवार. रूममेट तोवर नव्या नोकरीसाठी टेक्ससला गेला होता. त्याने वाचून फोन केला, "मस्त आहे रे, पण यात बस किती चाललीये ते कुठंय?" दुसऱ्या वेळी नुसती यादी केली: २००३ सालची इंटरनॅशनल, डीटी-४६६ डिझेल इंजिन, ऑटोमॅटिक गिअर, लांबी ३० फूट, १ लाख ६८ हजार मैल, दोन बंक, ओटा, सोलर पॅनेल, कंपोस्ट टॉयलेट. तिसऱ्या वेळी त्या यादीखाली किंमत टाकली आणि शेवटी एक ओळ लिहिली: लवकर विकायची आहे.

ही ओळ लिहू नये असं सगळेच सांगतात. ती वाचली की समोरचा हजार डॉलर कमी करूनच बोलायला सुरुवात करतो. पण खरं तेच होतं. माझी नोकरी गेली होती. एच-वन-बी व्हिसावर नोकरी गेली की दुसरी शोधायला किंवा देश सोडायला जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात. त्यातले २३ दिवस इंटरव्ह्यू देण्यात संपले होते.

जाहिरात टाकली आणि फोनची वाट बघत बसलो. सॉफ्टवेअरवाल्याला एखादी गोष्ट का बिघडली ते कळत नसेल, तर तो आधी जुने लॉग उघडतो. मीही तेच केलं. अशा बस याआधी कोणी बनवल्या, कोणी विकल्या, कितीला विकल्या आणि पुढे त्यांचं काय झालं, ते वाचत बसलो. बस विकली जाईपर्यंत मला तिच्याविषयी जेवढं कळलं, तेवढं ती चालवताना कधी कळलं नव्हतं.

पिवळा रंग उतरवणे

अमेरिकेतली शाळेची बस आपण सगळ्यांनी सिनेमात पाहिलेली असते. पण ती पिवळी का, हे तिथेही फार जणांना माहीत नसतं.

१९३० च्या दशकात तिथली मुलं ट्रकमधून, घोडागाडीतून, मिळेल त्या वाहनातून शाळेत जात. प्रत्येक जिल्ह्याचा कारभार वेगळा. एका ठिकाणी तर मुलांमध्ये देशप्रेम वाढावं म्हणून बस लाल-पांढऱ्या-निळ्या रंगवल्या होत्या. कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजातले प्राध्यापक फ्रँक सिर यांनी या गोंधळाचा अभ्यास केला आणि एप्रिल १९३९ मध्ये न्यूयॉर्कला सात दिवसांची परिषद भरवली. त्या वेळच्या ४८ राज्यांचे प्रतिनिधी, बस बनवणारे आणि रंगाच्या कंपन्यांचे तज्ज्ञ आले. बसची लांबी, उंची, मधल्या वाटेची रुंदी अशी ४४ मानकं ठरली. रंगासाठी लिंबासारख्या पिवळ्यापासून नारिंगी-लालपर्यंतच्या छटा भिंतीवर लावून एक छटा निवडली. पहाटेच्या अर्धवट उजेडात या रंगावरची काळी अक्षरं लवकर वाचता येतात, आणि आपण सरळ समोर बघत असलो तरी कडेने येणारा पिवळा रंग नजरेला लवकर जाणवतो.

पुढे १९७७ पासून अमेरिकेत शाळेच्या बसच्या सांगाड्याचे नियम कडक झाले. बस उलटली तरी छप्पर दबू नये म्हणून लोखंडी कमानी, उंच पाठीच्या आणि जवळजवळ बसवलेल्या सीट. मुलांसाठी केलेली ही मजबुती हेच नंतर घर करणाऱ्यांना या बसचं आकर्षण ठरलं. बाजारातल्या कित्येक महागड्या कॅम्परच्या भिंती लाकडाच्या पातळ चौकटीवर फायबरचा पत्रा लावून केलेल्या असतात. शाळेची बस मात्र पोलादी असते, आणि साधारण १२ ते १५ वर्षं चालवून शाळा ती लिलावात काही हजार डॉलरला काढून टाकते.

पण विकत घेतल्यावर ती पिवळी ठेवता येत नाही. केंद्र सरकारची मार्गदर्शक सूचनाच आहे की बस शाळेच्या कामातून कायमची गेली की तिचा रंग बदलावा, थांबायची पाटी आणि लुकलुकणारे दिवे काढावेत. बऱ्याच राज्यांत तसा कायदा आहे. कारण साधं आहे. पिवळी बस थांबलेली दिसली की मागचे-पुढचे ड्रायव्हर थांबतात. उद्या कोणी तिच्यात भाजी चिरत बसायला लागलं, तर त्या रंगावरचा विश्वास उडेल.

आम्ही काय रंग द्यावा यावर भांडलो नाही. रूममेट म्हणाला, "लाल." माझे बाबा एसटीच्या दापोडीच्या वर्कशॉपमध्ये तीस वर्षं बॉडीच्या कामावर होते. बसचा फोटो त्यांना पाठवला तर त्यांचा पहिला प्रश्न होता, "हा लाल एसटीचा नाही. थोडा काळपट पाहिजे." आम्ही पुन्हा रंग आणला. समोरच्या काचेवर जिथे रूटचा नंबर यायचा, तिथे रूममेटने पत्र्याची पाटी केली आणि पांढऱ्या अक्षरांत लिहिलं: स्वारगेट.

१९३९ चीच आणखी एक बस

ज्या वर्षी न्यूयॉर्कला पिवळा रंग ठरला, त्याच वर्षी इंटरनॅशनल हार्वेस्टर कंपनीची एक शाळेची बस बाजारात आली, आणि पुढे ती अमेरिकेतली सगळ्यात गाजलेली बस झाली. तिचं नाव 'फर्दर'. स्पेलिंग चुकवून लिहिलेलं.

केन किसी हा लेखक १९६२ मध्ये 'वन फ्लू ओव्हर द कुकूज नेस्ट' या कादंबरीने प्रसिद्ध झाला. १९६४ च्या जूनमध्ये तो आणि त्याचं टोळकं कॅलिफोर्नियातल्या ला होंडाहून न्यूयॉर्कला निघालं. तिथे जागतिक प्रदर्शन भरलं होतं आणि किसीची दुसरी कादंबरी येऊ घातली होती. बसवर मिळतील ते रंग ओतलेले. छपराला भोक पाडून वर बसायची जागा केलेली. बाहेर भोंगे, आत टेप रेकॉर्डर, सिनेमाचे कॅमेरे आणि एलएसडी. एलएसडीवर तेव्हा कॅलिफोर्नियात बंदीही नव्हती, ती १९६६ मध्ये आली. स्टिअरिंगवर नील कॅसडी, म्हणजे जॅक केरुआकच्या 'ऑन द रोड'मधला डीन मोरिआर्टी ज्याच्यावरून बेतला तो. टॉम वुल्फने १९६८ मध्ये या प्रवासावर पुस्तक लिहिलं आणि शाळेची रंगवलेली बस म्हणजे हिप्पी, हे समीकरण पक्कं झालं.

हे बहुतेकांना माहीत असतं. मला नवीन होती ती त्याच्या आधीची गोष्ट. किसीने ही बस घेतली तेव्हा ती रिकामी नव्हती. कॅलिफोर्नियातल्याच एका गृहस्थांनी ती आधी घेऊन घर केली होती. त्यांना अकरा मुलं. मुलांना घेऊन सुट्टीत फिरता यावं म्हणून त्यांनी आत झोपायचे बंक, स्वयंपाकाची सोय आणि संडास बसवला. मुलं मोठी झाली असतील, बस अंगणात उभी राहायला लागली असेल. त्यांनी ती विकायला काढली, किसीने ती साधारण १,२५० डॉलरला घेतली.

म्हणजे बंडखोरीचं प्रतीक वगैरे झालेल्या त्या बसमधली झोपायची, खायची आणि जायची सगळी सोय एका संसारी बापाने केलेली होती. किसीच्या टोळक्याने वर रंग चढवला. आतले बंक कोणी ठोकले ते पुस्तकात असून नसल्यासारखं आहे. इतिहास बस घेणाऱ्याच्या नावाने लिहिला गेला आणि विकणारा एका वाक्यात संपला.

हे वाचलं त्या रात्री मी बसमध्ये जाऊन बसलो होतो. ग्राहक येणार होता म्हणून ओटा पुसायचा होता.

आतलं छत काढून आम्ही थर्मोकोलसारख्या जाड शीट घातल्या होत्या आणि पत्रे परत बसवले होते. त्याआधी सीट काढायला तीन शनिवार गेले. प्रत्येक सीटचे बोल्ट जमिनीतून खाली गेलेले, गंजून घट्ट. ग्राइंडरने कापावे लागले. सीटखाली पेन्सिली, च्युइंगम आणि कोणाची तरी एक हिरवी हातमोज्याची जोडी मिळाली. रबर आणि प्लायवूड उचकटल्यावर खाली बोल्टची शेकडो भोकं. ती बुजवली, गंज घासला, रंग दिला. बाबांचा फोन रोज. आपल्या रात्री, त्यांच्या सकाळी. एका कोपऱ्यातून पाणी गळत होतं तेव्हा त्यांनी व्हिडिओवर पत्रा बघितला आणि म्हणाले, "तो बंदुकीसारखा रिव्हेट मारू नकोस. भरीव रिव्हेट आण. एकाने बाहेरून मारायचं, दुसऱ्याने आतून जड ठोकळा धरायचा. घाई करायची नाही. आधी पत्रा पूस, मग सीलंट, मग रिव्हेट."

"बाबा, तुम्ही एका दिवसात किती मारायचात?"

"मोजायचो नाही. आठवड्याला गाडी बाहेर पडली पाहिजे, एवढं बघायचो."

त्या कोपऱ्यातून परत पाणी आलं नाही. जाहिरातीत हे कुठल्या रकान्यात लिहायचं?

बसने पोचायचं कुठे

किसीच्या बसचं पुढे काय झालं तेही सांगतो. १९६९ मध्ये ती वुडस्टॉकच्या संगीत महोत्सवाला जाऊन आली आणि मग ओरेगनमधल्या किसीच्या शेतावरच्या दलदलीत उभी राहिली. तिच्यावर शेवाळ आलं. स्मिथसोनियन संग्रहालयाला ती हवी होती. १९९० मध्ये किसीने १९४७ सालची दुसरी बस घेऊन तशीच रंगवली आणि हीच ती, असं भासवायचा प्रयत्न केला. संग्रहालयवाले फसले नाहीत. २००१ मध्ये किसी गेला. २००५ मध्ये त्याच्या घरच्यांनी मूळ बस दलदलीतून ओढून बाहेर काढली.

गंमत म्हणजे शाळेच्या बसचं घर करायची कल्पना काही हिप्पींची मक्तेदारी नव्हती. ब्लू बर्ड ही अमेरिकेतली शाळेच्या बस बनवणारी मोठी कंपनी. तिनेच १९६३ मध्ये आपल्या बसच्या सांगाड्यावर श्रीमंतांसाठी फिरतं घर बनवायला सुरुवात केली. पुढे ते 'वाँडरलॉज' नावाने विकलं गेलं. लोखंड तेच. एकाला कंपनीचा बिल्ला होता आणि दुसऱ्याला नव्हता. विकताना सगळा फरक त्या बिल्ल्याने पडतो, हे मला पुढे कळायचं होतं.

बसचा सगळ्यात वेगळा उपयोग स्टीफन गॅस्किनच्या लोकांनी केला. गॅस्किन सॅन फ्रान्सिस्कोत शिकवायचा. सोमवारी रात्री त्याचे खुले वर्ग भरत आणि तिथे शेकड्यांनी तरुण येत. १९७० च्या ऑक्टोबरमध्ये तो व्याख्यानांच्या दौऱ्यावर निघाला, तर त्याच्या मागोमाग जुन्या शाळेच्या बस, व्हॅन आणि ट्रक यांचा ताफाच निघाला. सुमारे ३०० माणसं. वाटेत काहींची बाळंतपणं बसमध्येच झाली. गॅस्किनची बायको इना मे आणि इतर बायकांनी ती केली. तिथून सुरू झालेल्या कामामुळे इना मे गॅस्किन हे सुईणपणातलं जगभर घेतलं जाणारं नाव झालं.

दौरा संपला तेव्हा लोकांच्या लक्षात आलं की आपण एकत्र राहायला शिकलोय, पण राहायला जागा नाही. १९७१ मध्ये हा ताफा टेनेसी राज्यात गेला. समरटाऊनजवळ त्यांनी एकरी ७० डॉलरने १,०६४ एकर जमीन घेतली. सुरुवातीला राहणं बसमध्ये आणि लष्कराच्या जुन्या तंबूंत. हळूहळू घरं उभी राहिली. ही वसाहत 'द फार्म' या नावाने आजही आहे. सगळं सामाईक ठेवायचा नियम मात्र टिकला नाही. कर्ज वाढलं, आणि १९८३ मध्ये प्रत्येकाने आपला खर्च आपण उचलायचा असं ठरलं. त्यानंतर बरेच लोक निघून गेले.

मला यातली एक गोष्ट महत्त्वाची वाटते. या लोकांची बस जमिनीपर्यंत पोचायचं साधन होती. चाकावर राहणं हे त्यांचं ध्येय कधीच नव्हतं. कोणाच्याही नावावर नसलेल्या रस्त्यावर काही महिने राहिल्यावर त्यांनी आधी काय केलं असेल, तर सातबारा आपल्या नावावर करून घेतला. तिकडे त्याला सातबारा म्हणत नाहीत, एवढंच.

लोखंडाचा भाव

१९७३ च्या शेवटी अरब देशांनी तेल रोखलं आणि काही महिन्यांत कच्च्या तेलाचा भाव जवळपास चौपट झाला. एका गॅलनला आठ-दहा मैल जाणारी बस रोज चालवणं परवडेना. बस अंगणात उभ्या राहिल्या, काही शेतावरचे गोठे झाल्या.

मग समाजमाध्यमांच्या काळात त्या परत आल्या. आता त्यांना 'स्कूली' असं लाडाचं नाव आहे. पांढरे पडदे, लाकडी ओटा, खिडकीत कॉफीचा मग, असे फोटो आपण सगळ्यांनी लाइक केलेत. करोनात घरून काम सुरू झालं आणि माझ्यासारख्या पोरांनाही वाटलं, लॅपटॉपच तर लागतो, कुठूनही काम करू.

पण या फोटोंच्या बाजूलाच दुसरी माणसं राहत होती. जेसिका ब्रुडर या पत्रकार बाईंनी २०१७ मध्ये 'नोमॅडलँड' हे पुस्तक लिहिलं. २००८ च्या मंदीत घर आणि पेन्शन गमावलेली साठी-सत्तरीची माणसं व्हॅनमध्ये राहून हंगामी कामं करत देशभर फिरतात, त्यांच्याविषयी. त्यावरच्या सिनेमाला २०२१ मध्ये ऑस्कर मिळालं. या लोकांचा सगळ्यात मोठा प्रश्न पेट्रोलचा नसतो, पत्त्याचा असतो. पत्ता नाही तर लायसन्स नाही, विमा नाही, बँक नाही, मत नाही. साउथ डकोटा राज्यात एक रात्र राहिल्याची पावती आणि टपाल घेणारी एजन्सी यांवर रहिवासी होता येतं, म्हणून प्रत्यक्षात कधी तिथे न राहणारी हजारो माणसं कागदावर तिथे राहतात.

बस विकताना मला हाच कागद आडवा आला. पहिले दोन ग्राहक विम्यापाशी अडले. घरी बनवलेल्या कॅम्परचा विमा काढायला बऱ्याच कंपन्या तयार नसतात, त्यांना कारखान्याचं प्रमाणपत्र लागतं. बरेच कॅम्पिंगवाले दहा वर्षांपेक्षा जुनी गाडी आत घेत नाहीत, आणि स्कूली दिसली की काही ठिकाणी नव्या कामाचीही किंमत राहत नाही. तिसरा ग्राहक ओटा, बंक काही न बघता थेट बॉनेट उघडून बसला आणि म्हणाला, "मी इंजिनचे पैसे देईन." तो या बस दक्षिणेकडे पाठवणाऱ्यांपैकी होता. अमेरिकेतल्या शाळांच्या कित्येक जुन्या बस लिलावातून मेक्सिकोमार्गे ग्वाटेमालाला जातात. तिथे त्यांना नवे रंग, क्रोमच्या पट्ट्या आणि बायकांची नावं मिळतात, आणि त्या प्रवासी गाड्या म्हणून पुढची कित्येक वर्षं चालतात. तिथे माझा ओटा काढून परत सीट लागल्या असत्या.

त्या संध्याकाळी बाबांना सांगितलं, की बस आणि सामान मिळून आमचे १८ हजार गेलेत आणि हा माणूस पाच हजार देतोय.

बाबा म्हणाले, "आपल्या गाड्या भंगारात जातात तेव्हा किलोवर जातात. मी बसवलेल्या पत्र्याचा वेगळा भाव कोणी लावत नाही."

"मग तुम्हाला वाईट नाही वाटायचं?"

"गाडी चालली ना पंधरा वर्षं. तिच्यात माणसं बसली. भंगाराच्या वेळेस कशाला बघायला जायचं?"

मग त्यांनी विचारलं, की आपल्याकडे अशी जुनी एसटी घेऊन घर केलं तर चालेल का. मी कायदा बघून सांगितलं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणी पुस्तकातल्या तपशिलाशी जुळणार नाही असा बदल गाडीत परस्पर करता येत नाही. शिवाय १ एप्रिल २०२३ पासून सरकारी मालकीच्या १५ वर्षांवरच्या गाड्यांची नोंदणीच रद्द होते. महाराष्ट्राने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलंय, पण ते पर्यटनासाठी. जुन्या बसचा आपल्याकडे मला माहीत असलेला सगळ्यात चांगला पुनर्जन्म पुण्यातच झालाय: शहरातल्या मोडीत निघालेल्या बसची बायकांसाठी स्वच्छतागृहं केली, ती 'ती टॉयलेट'. त्या बस कुठे जात नव्हत्या, पण लोकांच्या उपयोगी पडल्या.

बाबा म्हणाले, "ते बरं आहे. ज्याला घर नाही त्याला बस देऊन काय उपयोग? लावायची कुठे?"

दोन पत्ते

४१ व्या दिवशी एक बाई आल्या. साठीच्या आसपासच्या, केस बारीक कापलेले. दारातून आत आल्या आणि ओट्याकडे न जाता सरळ ड्रायव्हरच्या सीटवर बसल्या. सीट पुढे घेतली, सगळे आरसे नीट केले, ब्रेकच्या हवेचा काटा किती वेळात उतरतो ते घड्याळ लावून बघितलं. मग म्हणाल्या की त्यांनी बावीस वर्षं शाळेची बस चालवलीये. आता भाडं परवडत नाही म्हणून अपार्टमेंट सोडायचंय.

त्यांनी मला जे प्रश्न विचारले ते आधी कोणी विचारले नव्हते. छपरातून पाणी येतं का? मी तो कोपरा दाखवला. त्यांनी अंगठ्याने एकेक रिव्हेट चाचपला आणि हे काम कुठे करून घेतलं ते विचारलं. मी सांगितलं, की माझ्या वडिलांनी फोनवरून करून घेतलं. त्या हसल्या नाहीत. ते काय काम करायचे, असं विचारलं. बसची बॉडी बनवायचे, म्हटल्यावर मान डोलावली आणि भावाला आल्या. मी १२ हजार सांगितले होते. साडेनऊवर ठरलं. आमचे निम्मेच पैसे वसूल झाले, तरी मला तो भाव पटला. पैसे त्यांनी इंजिनाचेच दिले असतील, पण रिव्हेट कोणीतरी बघितला होता.

विमा मिळेल का, असं मीच काळजीने विचारलं. त्यांनी तो आधीच शोधून ठेवला होता. बावीस वर्षांत एकही अपघात नाही, ही त्यांची जमा होती.

कागद भरायला आम्ही बसमधल्याच टेबलावर बसलो. विक्रीच्या पावतीवर दोघांचे पत्ते लागतात. माझं अपार्टमेंट महिनाअखेरीला सुटणार होतं. मी थोडा वेळ पेन धरून बसलो आणि मग दापोडीचा पत्ता लिहिला, पिनकोडसकट. अकरा वर्षांचा असल्यापासून तो मला पाठ आहे. माझी बस गेली, नोकरी गेली, व्हिसाचे १९ दिवस उरले, तरी मला लिहायला एक पत्ता होता. बसमध्ये राहायची हौस मला कशाच्या जिवावर परवडली, ते त्या रकान्यात लिहिताना कळलं. किसीच्या पाठीशी पुस्तकाचं मानधन आणि शेत होतं. अकरा मुलांच्या त्या बापाच्या मागे घर आणि अंगण होतं. माझ्यामागे दापोडी.

बाईंनी आपल्या रकान्यात बहिणीचा पत्ता लिहिला. "ती हो म्हणालीये," असं त्या मला सांगायला लागल्या. जणू मी विचारलं होतं.

किल्ल्या दिल्या. गाडी गार असताना पहिल्यांदा सुरू करताना थोडी थांब लागते, ते सांगितलं. टॉयलेटचा पंखा कुठून चालू होतो ते दाखवलं. पुढच्या पाटीचे स्क्रू काढायला स्क्रू-ड्रायव्हर हातात घेतला, तर त्यांनी विचारलं, "काय लिहिलंय?"

म्हटलं, आमच्या गावातला बस डेपो आहे. तिथून सगळीकडच्या गाड्या मिळतात.

"मग राहू दे," त्या म्हणाल्या.

त्यांनी सीटबेल्ट लावला, दोन्ही आरशांत बघितलं, इंडिकेटर दिला आणि रिकाम्या पार्किंगमधूनही तो देऊनच बाहेर पडल्या. मी वर जाऊन बाबांना फोन लावला. तिथे सकाळचे साडेसात वाजले होते, ते चहा घेत होते.

"गेली का?"

"गेली. साडेनऊ हजार."

"बरं झालं. कोणी घेतली?"

"शाळेची बस चालवायच्या. बावीस वर्षं."

"मग नीट ठेवतील," बाबा म्हणाले. थोडं थांबून त्यांनी विचारलं, "तिने बघितलं तेव्हा कोपऱ्यातला एखादा रिव्हेट सुटला होता का?"

"एकही नाही."

"तिकीट कधीचं काढतोयस?" त्यांनी विचारलं.